काहूनच्या जागी कानून

राग माझ्या नाकाच्या शेंड्यावर असतो, असं आई म्हणते, आणि ते खरं आहे. त्या वर्षी तर तो तिथून खाली उतरलाच नाही, कारण मी इंटरनेट वाचत होते. सगळे वाचतात तसं नाही. पगार घेऊन, सकाळी दहा ते संध्याकाळी सहा, एकेक पान वाचायचं आणि त्याच्यापुढे 'हो' नाहीतर 'नाही' लिहायचं.

सहावी ते दहावीच्या मुलांसाठी आम्ही रायपुरात हिंदीत एक सर्च इंजिन तयार करत होतो. नेहमीच्या शोधात सारं जग अंगावर येतं. आमच्यात फक्त आम्ही तपासून घेतलेली पानं यायची होती, विषय आणि धडा लावून. याची गरज काय, असं मलाही सुरुवातीला वाटलं होतं. मग पहिल्याच आठवड्यात मी एखाद्या दहावीच्या मुलीसारखं साध्या इंटरनेटवर 'धातु' टाकून पाहिलं. लोखंड-तांब्याच्या आधी गुप्तरोगवाल्या हकिमांच्या जाहिराती आल्या. 'बल' टाकलं तर गतीचे नियम राहिले बाजूला आणि अंगात ताकद आणणाऱ्या पावडरी पुढे. मी खुर्ची मागे ढकलून उठले आणि पाण्याच्या मशीनपर्यंत तीनदा जाऊन आले, पाणी न पिता. शेजारच्या टेबलावर आमचा प्रोग्रामर बसायचा, दुर्गचा. तो म्हणाला, "दीदी, बैठ जाओ, फर्श घिस जाएगा."

मला बसवत नाही. लहानपणापासून नाही. एक पान वाचलं की पाय हलायला लागतो, दोन वाचली की पेनाचं टोपण चावलं जातं. पण पानं मी प्रामाणिकपणे वाचली. ज्याने ग्रहण पाहिल्याने अन्न विषारी होतं असं लिहिलं, तो बाहेर. ज्याने सगळं बरोबर लिहिलं पण असं, की आठ वर्षं विज्ञान शिकवलेल्या मलाही कळेना, तोही बाहेर.

पानांइतकंच दुसरं एक काम माझ्याकडे होतं, शब्दांची यादी. एकच गोष्ट मुलं दहा तऱ्हांनी लिहितात. 'क्यों' घ्या. क्यों, क्यूं, क्यू, इंग्रजी अक्षरांत के-वाय-यू, आणि आणखी काय काय. हे सगळे शब्द एका ओळीत मांडायचे, म्हणजे मशीनला कळतं की पोराला 'का' विचारायचं आहे. त्या ओळीत 'काबर' घालण्यासाठी मी आमच्या प्रमुखांशी अर्धा तास भांडले होते. ते म्हणत होते, पुस्तकात नसलेला शब्द कशाला. मी म्हटलं, सर, छत्तीसगढी मूल मनात 'काबर' म्हणतं, मग त्याचं 'क्यों' करतं, आणि तेवढ्या वेळात प्रश्न विसरतं. ते हसले आणि 'काबर' ओळीत आलं. मी दोन दिवस छाती पुढे काढून हिंडले. ती ओळ मी स्वतः टाइप केली होती, स्वतः तपासली होती, आणि पूर्ण झाली म्हणून खाली सही केली होती.

चाचणी सुरू झाली. काही शाळांना पत्ता दिला, आणि कोणालाही मोबाइलवर उघडता येईल असंही ठेवलं. रोज सकाळी मी नोंदवही पाहायची. वही म्हणजे पडद्यावरची लांब यादी. कोणी काय विचारलं, किती वाजता, कितवीची खूण करून, आणि आपण काय दिलं. नाव कोणाचंच नसायचं. फोनला एक आकडा असायचा, बस.

दुसऱ्या आठवड्यात एका फोनने मला पकडलं. रोज दुपारी दोन ते चारच्या मधे. दहावी.

'गरम लोहे को पानी मे डालो तो कडक काहून होता.'

'वेल्डिंग आंख को काहून लगता.'

'दूध गरमी मे काहून फटता.'

तीनही प्रश्नांना आम्ही काय दिलं होतं? नागरिकशास्त्र. संसद कायदा कसा करते. मी डोळे चोळले. प्रोग्रामरला हाक मारली. त्याने पाहिलं आणि तो पोट धरून हसायला लागला. आमच्या मशीनमध्ये शुद्धलेखन दुरुस्त करणारं एक यंत्र होतं. शब्द ओळखीचा नसला की ते त्याच्या सगळ्यात जवळचा ओळखीचा शब्द घ्यायचं. 'काहून' त्याला माहीत नव्हता. एकाच अक्षराच्या अंतरावर 'कानून' होता.

"कोई बच्चा है जिसको स्पेलिंग नहीं आती," तो म्हणाला. "दीदी, ये काहून होता क्या है?"

काहून म्हणजे काय हे मला कोणी विचारावं! 'का'साठी हाच शब्द आमच्या घरात मिठासारखा होता. आणि मी ओळ पूर्ण आहे म्हणून सही केली होती. 'काबर'साठी भांडले आणि माझा स्वतःचा शब्द माझ्या मनातही आला नाही. विसरले असते तरी एक वेळ चाललं असतं. पण मी विसरले नव्हते. मी तो शब्द घराच्या दाराशी चपलांसारखा काढून ठेवायला शिकले होते, आणि ते कोणत्या दिवशी शिकले हेही मला माहीत होतं.

सात-आठ वर्षांची असेन. बाबा रेल्वेच्या वर्कशॉपात फिटर होते. आदल्या दिवशी ते सायकलच्या मडगार्डावरचा गंज पॉलिश पेपरने घासत होते आणि मी शेजारी उकिडवी बसून पाहत होते. दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं सदर बाजारात गेलो, आईच्या कानातल्याची फिरकी हरवली होती म्हणून. सराफाच्या दुकानात काचेखाली सगळं पिवळं चमकत होतं. मी मोठ्यानं विचारलं, "बाबा, सायकलले गंज लागते, मंग सोन्याले काहून नाही लागत?"

बाबा काचेखालच्या फिरक्या पाहू लागले. मी पुन्हा विचारलं, "काहून नाही लागत? सांगा न, काहून?"

गादीवरचा सराफ मान वर करून म्हणाला, "ये बिटिया कौन सा कानून पूछ रही है, भैया?"

दुकानातली सगळी गिऱ्हाइकं हसली. बाबाही हसले, पण त्यांचे कान लाल झाले होते. बाहेर आल्यावर त्यांनी माझं मनगट धरलं आणि स्कूटरींच्या गर्दीतून मला ओढत म्हणाले, "बाहेर काहून म्हणू नको. क्यों म्हण. आन् इतके सवाल काहून करतं तू? चूप चाल." रागात त्यांनी स्वतःच काहून म्हटलं, हे मला तेव्हाही कळलं होतं. पण सांगायची हिंमत झाली नाही. त्यानंतर मी बाहेर 'क्यों' म्हणू लागले, आणि घरात बाबांना काही विचारणं हळूहळू बंदच केलं. त्यांना माझे प्रश्न आवडत नाहीत, अशी माझी खात्री झाली होती. पुढची तीस वर्षं मी त्या खात्रीवर काढली.

मी प्रमुखांकडे गेले. म्हटलं, 'क्यों'च्या ओळीत एक शब्द घालायचा आहे. त्यांनी विचारलं, कुठला शब्द, कोण बोलतं? इथे मी 'मी बोलते' म्हणायला हवं होतं. मी म्हणाले, "सर, कुछ लोग बोलते हैं. नागपुर साइड के."

"तो ये मराठी हुआ," ते म्हणाले. माणूस वाईट नव्हता, घाईत होता. "एक फोन के लिए लिस्ट खोलेंगे तो कल तेलुगु खोलो, परसों उड़िया. बच्चा है, क्यों लिखना सीख लेगा."

मी मान डोलावली. चक्क डोलावली! जागेवर येऊन मी पेन इतक्या जोरात आपटलं की रिफिल बाहेर उडाली.

चार दिवस मी त्या फोनची वाट पाहत राहिले. पहिल्या दिवशी नऊ प्रश्न आले होते, मग सहा, मग चार. माणूस कंटाळत होता. एका दुपारी त्याने लिहिलं, 'कानून नही काहून.' मशीनने ते सुधारून 'कानून नही कानून' केलं आणि पुन्हा संसद दाखवली. दोन मिनिटांनी त्याने लिहिलं, 'कानून नही चाहिये.' मग त्या फोनची ओळच नाही.

माझ्या डोक्यात एक मूल तयार झालं होतं. दुपारी दोन ते चार म्हणजे शाळेच्या वेळेत घरी बसलेलं. प्रश्न लोखंडाचे, वेल्डिंगचे, म्हणजे बाप कारखान्यात. घरात काहून, म्हणजे आमच्याकडचं. एक पाय शाळेत आणि एक बाहेर असलेलं मूल, आणि मी त्याला विज्ञान विचारल्यावर कायदा दाखवून हाकलत होते. कारखान्यांच्या भागातली, बीरगांवची एक शाळा आमच्या चाचणीत होती. मी अर्धी रजा टाकली आणि गेले.

दहावीच्या वर्गात उभं राहून मी विचारलं, "काहून कौन लिखता है?" वर्गाने एकमेकांकडे पाहिलं. मागच्या बाकावरची एक मुलगी उठली. "मैम, हमारे घर में मम्मी बोलती है. पर हम थोड़ी लिखते हैं." आणि ती बसली. मी तिला मराठीत विचारलं, "घरी तू काय म्हणतं?" ती हिंदीत म्हणाली, "समझती हूं मैम, बोलती नहीं." तिचा काही दोष नव्हता. मीच लहान होऊन समोर बसले होते, असं वाटलं. त्या शाळेत दुपारी कोणी गैरहजर राहत नाही असं मास्तर म्हणाले, आणि मी हात हलवत परत आले.

दुसऱ्या दिवशी वहीत माझ्या कामाची एकच ओळ होती. तोच फोन, दुपारी तीन वाजून दहा मिनिटं.

'लोहे को जंग लगता सोने को काहून नही लगता.'

मी ती ओळ वाचली आणि माझा हलणारा पाय थांबला. जगात हा प्रश्न कोणालाही पडू शकतो, मला मान्य आहे. पण आधी लोखंड मग सोनं, या क्रमाने, आणि त्या काहूनसकट तो एकदाच विचारला गेला होता, सराफाच्या दुकानात, आणि तो ऐकायला माझ्या ओळखीचा एकच माणूस तिथे होता.

मी आईला फोन लावला. "बाबा दुपारी काय करून राहिले?"

"झोपते. दुसरं काय."

"आई."

ती एकदम सुरू झाली. "तुले नको सांगू म्हणे न तो. तू चिडशीन म्हणे. खुल्या शाळेतून दहावीचा फार्म भरला त्यानं, दोन सालं झाले. बाकी सारं निघालं, विज्ञानच अडकून राहिलं. दुपारी पुस्तक घेऊन बसते मागच्या खोलीत. तुह्या त्या कम्प्युटरवालं बी मोबाइलात पाहे आधी, आजपासून नाही पाहत. मले कायदा दाखवते म्हणे, माह्या नशिबात कायदाच आहे." ती थोडी हसली, मग हसणं थांबलं. "यंदा नाही जमलं त पुस्तकं रद्दीत टाकतो म्हणून राहिला. आन् टाकून देईन तो, तुले माहीत आहे."

मी म्हटलं, मी बीरगांवला जाऊन आले.

"बीरगांवले काहून?"

मी तिला सांगितलं. आई म्हणाली, "घ्या! काखेत कळसा आन् गावाले वळसा."

बाबा दहावी झालेले नव्हते हे मला माहीत नव्हतं असं नाही. कागदावर पाहिलं होतं. गोंदियाकडच्या मराठी शाळेत नववी केली, मग इकडे रेल्वेत खलाशी, म्हणजे मदतनीस म्हणून लागले आणि इथलं सगळं हिंदीत. पण त्या कागदाचा सदर बाजाराशी काही संबंध असेल हे मला तीस वर्षांत सुचलं नाही. त्यांना माझा प्रश्न आवडला नव्हता असं नव्हतंच. त्यांना उत्तर येत नव्हतं. आयुष्यभर गंज घासणाऱ्या माणसाला गंज म्हणजे काय हे कोणी सांगितलं नव्हतं, आणि पोरगी चार लोकांत विचारत होती. मला इतकी लाज वाटली की मी ऑफिसच्या जिन्यात जाऊन उभी राहिले. आणि रडले, यात लपवण्यासारखं काही नाही.

परत आले ती थेट यादी उघडली. परवानगी मागितली नाही. 'क्यों'च्या ओळीत शेवटी 'काहून' लिहिलं. प्रत्येक शब्दापुढे एक रकाना असायचा, कुठे बोलला जातो. 'काबर'पुढे मी 'रायपुर, दुर्ग, बिलासपुर' असं लिहिलं होतं. 'काहून'पुढे लिहिलं, 'घर में.'

संध्याकाळी प्रमुख माझ्या टेबलाशी आले. त्यांनी बदल पाहिला होता. "घर में? किसके घर में?"

"मेरे घर में, सर. मैं बोलती हूं. मेरे पिताजी बोलते हैं. गलती स्पेलिंग की नहीं थी, मेरी थी."

माझा आवाज चढला होता. प्रोग्रामरने मान खाली घातली. प्रमुखांनी माझ्याकडे पाहिलं, मग पडद्याकडे. "तो पहले बोलना था न," ते म्हणाले आणि गेले. एवढंच. मी सात दिवस भांडणाची तयारी केली होती, आणि भांडायला समोर कोणी नव्हतं.

पण खरी अडचण पुढेच होती. शब्द आत आला, माणूस गेला होता. बाबा पुन्हा ते उघडणार नव्हते, आणि मी त्यांना सांगू शकत नव्हते, कारण मग मला सगळं माहीत आहे हे त्यांना कळलं असतं. पेपर आठ दिवसांवर होता, हे आईने सांगितलं होतं. आम्ही चौबे कॉलोनीत वरच्या मजल्यावर राहतो, दोन खोल्या पुढे, एक मागे. मी पुढच्या खोलीत येरझारा घालत होते आणि बाबा मागच्या खोलीत होते, आणि मधे एक पडदा होता.

रात्रीच्या जेवणाला बसल्यावर मी आईला म्हटलं, जरा मोठ्यानंच, "आज आमच्या इंजिनात काहून टाकलं. आता काहून लिहिलं तरी बरोबर उत्तर येते. आधी नुसता कायदा दाखवत होतं."

आईने माझ्याकडे पाहिलं आणि वरण वाढायला घेतलं. "असं काय? मंग आधी काहून नोतं टाकलं?"

"मीच विसरली होती."

बाबांनी भाकरीचा तुकडा मोडला. वर पाहिलं नाही. म्हणाले, "मीठ दे जरा."

दुसऱ्या दिवशी दोन वाजल्यापासून मी वही उघडून बसले. अडीच. तीन. मी टोपण चावून सपाट केलं. प्रोग्रामरने एकदा चहा आणून ठेवला, तो गार झाला. तीन वाजून वीस मिनिटांनी ओळ आली.

'सोने को जंग काहून नही लगता.'

आणि समोर आमचं पान. मी निवडलेलं, कामाच्या सातव्या महिन्यात, दुपारी, पाय हलवत. ते उघडलं गेलं. तो फोन त्या पानावर चौदा मिनिटं थांबला. मग पुढचा प्रश्न आला, मग त्याच्या पुढचा. त्या आठवड्यात त्या फोनने एकट्याने जितकं विचारलं तितकं एखाद्या वर्गानेही विचारलं नव्हतं. मी घरी काही बोलले नाही. मला न बोलणं जमतं हे मलाच नवीन होतं.

पेपरच्या आदल्या दिवशी रविवार होता. संध्याकाळी मी गच्चीवर चहा घेऊन उभी होते. बाबा वर आले, कठड्याच्या सळीवरचा गंज बोटाने घासून पाहिला आणि बोट लुंगीला पुसलं.

"तुले आठवते काय," ते म्हणाले, "सदर बाजारात तू मले एक विचारलं होतं."

मी चहाकडे पाहत राहिले. "काय विचारलं होतं?"

"सोन्याले गंज काहून नाही लागत." ते कठड्याला टेकले. मग पाठ केलेलं म्हणावं तसं नाही, वर्कशॉपातल्या नव्या माणसाला समजवावं तसं सांगू लागले. "लोखंडाचं कसं आहे, हवेतला आक्सिजन आन् पाणी, दोघाईसोबत ते जुळून जाते. तेच गंज. आतून नाही येत, बाहेरून बी नाही येत, दोघं मिळून होते. सोन्याचं हवा-पाण्यासोबत जमतच नाही. आपलं एकटंच राहते, तसंच्या तसं." मग माझ्याकडे पाहून हसले. "तुह्यासारखं. कोणासोबत जमत नाही."

मी हसले, आणि हसताना माझा चहा सांडला.

"उद्या पेपर आहे माहा," ते घाईघाईने म्हणाले, खाली रस्त्याकडे पाहत. "दहावीचा. विज्ञानाचा. चिडू नको."

"नाही चिडत."

खाली कोणीतरी स्कूटर चालू करत होतं आणि ती होत नव्हती. मला राहवलं नाही. मला कधीच राहवत नाही.

"पण बाबा," मी म्हटलं, "सोन्याचंच काहून नाही जमत?"

ते वळले. त्यांचे कान लाल झाले, अगदी तसेच, आणि क्षणभर मी 'चूप'ची वाट पाहिली. त्यांनी शर्टाच्या खिशातून चष्मा काढला, मग मोबाइल.

"थांब," बाबा म्हणाले, "पाहून सांगतो."